दिलीप प्रभावळकरांची कामं पाहताना गेटअप सोडून काय पाहायचं

नागपूरच्याच एका मुलाचा प्रश्न आलाय. वय चोवीस, हौशी राज्य नाट्य स्पर्धेच्या नाटकात त्याला सत्तरीच्या आजोबांचं काम मिळालंय, तालमी सुरू झाल्यात, आणि दिग्दर्शकानं त्याला सांगितलं की दिलीप प्रभावळकरांची कामं पाहा म्हणजे व्हर्सटाइल काय असतं ते कळेल. आता हा विचारतो की सर एवढी कामं आहेत तर कोणती पाहू, कोणत्या क्रमानं पाहू, आणि पाहताना नेमकं पाहायचं काय, कारण पाहिलं की नुसतं भारी वाटतं आणि हाती काहीच लागत नाही.

प्रश्न एकदम बरोबर आहे. मी इतकी वर्षं इथं नाटकं बसवून राहिलो, पोट्ट्यांची शिबिरं घेतो, आणि दरवर्षी हेच पाहतो की मोठ्या नटाचं काम पाहून पोरं त्यातला आवाज उचलतात, चाल उचलतात, फार तर एखादी लकब उचलतात आणि सोमवारी तालमीला येऊन करून दाखवतात. ती नक्कल होते आणि चांगलीही होते कधीकधी, पण नाटकातला माणूस त्यातून उभा राहत नाही.

म्हणून आधी मी स्वतः काय पाहतो ते सांगून देतो, मग भूमिकांकडे येऊ. पात्राचं लक्ष कुठे आहे, एवढंच पाहायचं. समोरचा बोलून राहिला तेव्हा हा माणूस त्याच्याकडे पाहतो की त्याच्या हाताकडे, ऐकतो की ऐकल्यासारखं करतो, खोलीत कोणी आलं तर याला आधी कळतं की सगळ्यात शेवटी. प्रभावळकरांच्या कामात विग बदलतो, दात बदलतात, पाठ वाकते, आवाज तर इतका बदलतो की ओळखू येत नाही, पण त्या सगळ्याच्या आधी ही लक्षाची जागा बदललेली असते आणि बाकीचं सगळं तिच्या मागून येतं असं माझं ठाम मत आहे. आवाज बंद करून त्यांचा एखादा सीन पाहा, तरी कळतं की याचा जीव कशात अडकलाय.

सुरुवात चौकट राजापासून कर. 1991 चा सिनेमा, संजय सूरकरांनी दिग्दर्शित केलेला, त्यात प्रभावळकर नंदू आहेत. लहानपणीच्या अपघातानंतर नंदूची बुद्धी लहान मुलाचीच राहिली, शरीर तेवढं वाढत गेलं. त्याची लहानपणची मैत्रीण मुन्नी, म्हणजे स्मिता तळवलकर, लग्न होऊन संसारात रमलेली अशी परत त्याच्यासमोर येते. आई सुलभा देशपांडे, आणि गणाच्या कामात अशोक सराफ. प्रभावळकरांचा जन्म 1944 चा, म्हणजे हे काम केलं तेव्हा ते सत्तेचाळिशीच्या आसपास होते हे लक्षात ठेवून पाहा.

मतिमंद माणसाचं काम आपल्या स्पर्धेत दर दोन वर्षांनी कुठल्या ना कुठल्या नाटकात असतंच. आणि बहुतेक वेळा काय होतं, नट मान वाकडी करतो, ओठ ओघळतात, हात आत वळतात आणि पहिल्या अंकाच्या शेवटापर्यंत तो तेच करून राहतो, प्रेक्षकाला वाईट वाटतं पण नंतर त्या माणसाबद्दल काहीच आठवत नाही. नंदूमध्ये पण शरीर वेगळं आहे, बोलणं अडखळतं आहे, तरी आपण पाहतो ते त्याचं हवं-नको. त्याचं लक्ष इकडेतिकडे उडत असतं, एखाद्या गोष्टीवर बसतं, परत उडतं, आणि मुन्नी आली की जागच्या जागी थांबतं. मोठी माणसं आपसात काय बोलून राहिली, कोण कोणावर चिडलं, मुन्नीच्या नवऱ्याच्या मनात काय चाललंय यातलं त्याला फारसं कळत नाही, पण घरातली हवा बदलली हे कळतं. ही जी अर्धवट कळण्याची जागा आहे ना, ती करायला सगळ्यात कठीण. पूर्ण न कळणं करता येतं, पूर्ण कळणं तर आपण रोजच करतो. प्रभावळकर त्या मधल्या जागेत अख्खा सिनेमा उभे आहेत, आणि कुठेही आपली दया मागत नाहीत. एक झोका हे गाणं सगळ्यांना माहीत असतं, पण गाण्यावर थांबू नको, आईबरोबरचे साधे घरातले सीन दोनदा पाहा.

लगेच त्याच आठवड्यात झपाटलेला पाहा. 1993, म्हणजे मध्ये फक्त दोन वर्षं. महेश कोठारेंच्या या सिनेमातला तात्या विंचू आपल्या इकडे प्रत्येक पोराला पाठ आहे, पण बऱ्याच जणांच्या डोक्यात तात्या विंचू म्हणजे फक्त तो बाहुला असतो. बाहुला शब्दभ्रमकार रामदास पाध्येंचा, पण सुरुवातीला हाडामासाचा गुंड तात्या आहे तो प्रभावळकरांनी केलाय आणि पुढे तात्याचा जीव बाहुल्यात शिरल्यावर त्याच्या तोंडून आवाजही त्यांचाच येतो. जो माणूस दोन वर्षांपूर्वी नंदू होता तोच हा, यावर नवख्या माणसाचा विश्वास बसत नाही. आता लक्ष कुठे आहे पाहा. तात्याला एकच गोष्ट पाहिजे, लक्ष्याचं, म्हणजे लक्ष्मीकांत बेर्डेंच्या पात्राचं शरीर. नंदूचं लक्ष दहा ठिकाणी फिरतं, तात्याचं एका जागेवर रोवलेलं आहे, आणि बाहुल्याला तर चेहऱ्याचे स्नायू नाहीत, सगळं काम आवाजावर, तरी त्या आवाजात हपापलेपण आहे. लहान पोरं त्या बाहुल्याला घाबरली याचं मोठं कारण तो आवाज आहे असं मला वाटतं. व्यावसायिक मसाला सिनेमा आहे म्हणून कोणी नाक मुरडत असेल तर मुरडू दे, नटाच्या अभ्यासासाठी हे काम चौकट राजाइतकंच कामाचं आहे.

एन्काउंटर द किलिंग, 2002, अजय फणसेकरांचा हिंदी सिनेमा. समोर नसीरुद्दीन शाह पोलीस अधिकारी आणि प्रभावळकर पुनप्पा नावाचा गुंड. मिळाला तर जरूर पाहा, कारण घरात टीव्हीवर श्रीयुत गंगाधर टिपरे या मालिकेतले आबा म्हणून ज्यांना सगळे ओळखत होते त्यांनी त्याच काळात हे करून ठेवलंय. कथा दोन गणपतरावांची, 1996 चा, अरुण खोपकरांचा, मोहन आगाशेंबरोबर, गोगोलच्या कथेवरून केलेला. त्यात दोन मित्र क्षुल्लक कारणावरून हाडवैरी होतात. तो नंतर निवांत पाहा, तुझ्या आत्ताच्या कामाशी त्याचा संबंध कमी आहे.

आता तुझं खरं काम, म्हातारा. प्रभावळकरांनी म्हातारे इतके केलेत की त्यांचं वय आपल्या डोक्यात कायम सत्तरच राहिलं. पण ते म्हातारे एकमेकांसारखे नाहीत, आणि तुला शिकायचं असेल तर ते इथं आहे.

पहिला लगे रहो मुन्नाभाईतला गांधी. 2006. राजकुमार हिरानी आपल्या नागपूरचे, त्यामुळे इथं या सिनेमाबद्दल जरा जास्तच आपुलकी आहे, असायलाही पाहिजे. या कामासाठी आणि गजेंद्र अहिरेंच्या शेवरी या मराठी सिनेमातल्या कामासाठी मिळून प्रभावळकरांना 2006 सालासाठीचा सहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एकाच नटाला एका वर्षात दोन भाषांतल्या दोन कामांसाठी मिळून पुरस्कार, व्हर्सटाइल शब्दाचा याहून चांगला पुरावा काय पाहिजे.

गांधींचं काम म्हटलं की नट काय करतो, काठी, पंचा, चष्मा, भराभर चालणं, आणि एक पवित्र चेहरा करून बसतो. आपल्याकडे तर अजून कठीण, कारण सेवाग्राम इथून तास-दीड तासावर, शाळेच्या सहलीत प्रत्येकानं बापू कुटी पाहिलेली, त्यामुळे प्रत्येकाच्या मनात एक गांधी आधीच बसलेला आहे. प्रभावळकरांनी काय केलं ते नीट समजून घे. त्या गोष्टीत हा गांधी खराखुरा नाहीच, तो मुन्नाच्या, म्हणजे संजय दत्तनं केलेल्या भाईच्या, डोक्यातला आहे. वाचनालयात बसून दिवसरात्र गांधी वाचत बसल्यावर मुन्नाला दिसायला लागलेला. पुढे सगळ्यांसमोर प्रश्न विचारून सिद्धच केलं जातं की मुन्नाला जे माहीत नाही ते या बापूंनाही माहीत नाही. म्हणजे नटाला करायचा होता तो मुन्नाचा गांधी, इतिहासातला करायचाच नव्हता. म्हणून त्यांचं सगळं लक्ष मुन्नावर आहे. खोलीत दहा माणसं असली तरी हा एकाच माणसाकडे पाहतो, एकाचंच ऐकतो, आणि मुन्ना चुकला तरी चेहऱ्यावर नाराजी येत नाही, थोडी वाट पाहणं येतं. त्यांना भाषणबाजीचा मोह कुठेही झालेला नाही. आवाज खाली, वाक्य संपायच्या आधी किंचित थांबणं, आणि डोळ्यांत एक खट्याळपणा, जणू याला उत्तर माहीत आहे पण मुन्नानं स्वतः शोधावं असं वाटतंय. पवित्र न होता प्रेमळ राहिलेला गांधी मी तरी दुसरा पाहिला नाही.

याच्यानंतर दोन वर्षांनी, 2008 मध्ये, राम गोपाल वर्माच्या सरकार राजमधले रावसाहेब. हे दोन लागोपाठ पाहशील तर अभिनयाचं अर्धं शिक्षण होऊन जाईल बघ. इथंही शांत म्हातारा, इथंही पांढरे कपडे, इथंही खालचा आवाज, लोक आदरानं वाकून बोलतात, मोठमोठे नेते ज्याचा सल्ला घेतात असा माणूस. सिनेमा पाहिला नसेल तर पुढची दोन वाक्यं सोडून दे. शेवटी कळतं की सगळ्या कटामागे हाच होता. मग परत पहिल्यापासून पाहा, हे मी मुद्दाम सांगतोय, शेवट माहीत झाल्यावर रावसाहेबांचे आधीचे सगळे सीन पाहा. गांधी ऐकतो तसेच रावसाहेबही ऐकतात, मान तशीच जराशी पुढे, पण गांधींचं ऐकणं समोरच्यासाठी आहे आणि रावसाहेबांचं ऐकणं हिशेबासाठी. बाहेरून फरक एवढासा, पापणी किती वेळानं लवते इतका. प्रेक्षकाला पहिल्यांदा पाहताना काही खटकत नाही आणि दुसऱ्यांदा पाहताना सगळंच खटकतं. खलनायक करताना भुवया उंचावणारे जे आहेत त्यांना मी हाच सिनेमा दाखवतो.

तिसरा नारबाची वाडी, 2013, आदित्य सरपोतदारचा. मूळ बंगाली नाटकाची गोष्ट, कोकणात आणलेली. नारोबा नावाचा एकटा म्हातारा, त्याची नारळी पोफळीची वाडी, आणि त्या वाडीवर डोळा ठेवून बसलेला खोत म्हणजे मनोज जोशी. खोत सौदा करतो, म्हातारा जिवंत आहे तोवर दर महिन्याला पैसे देतो, मेला की वाडी माझी. आणि पैसे मिळायला लागले, पोटात अन्न गेलं, की नारोबा मरायच्या ऐवजी ताजातवाना व्हायला लागतो. विनोदी गोष्ट आहे, पण या कामात नटाला म्हातारपण पुढे सरकवायचं नाही, मागे न्यायचं आहे. सुरुवातीला जो माणूस आता जातो की मग जातो असा आहे तो हळूहळू बसायला लागतो, चालायला लागतो, खोताला खेळवायला लागतो. प्रभावळकरांनी ही तब्येत टप्प्याटप्प्यानं वाढवली आहे, एका सीनमधून दुसऱ्यात उडी मारलेली नाही. त्याचं लक्ष कशात आहे विचारशील तर झाडांत. माणसांशी बोलतानाही त्याची नजर वाडीकडे जाते. मरणाची भीती त्याला स्वतःसाठी नाही, झाडांसाठी आहे, आणि हे कोणी संवादात सांगायची गरज पडत नाही.

आणि चौथा दशावतारमधला बाबुली मेस्त्री. 2025, सुबोध खानोलकरचा सिनेमा, प्रभावळकरांनी ऐंशी पार केल्यावरचं काम. याच्यावर मी जरा जास्त बोलणार, कारण यात नट नटाचं काम करतोय. दशावतार म्हणजे कोकणातलं रात्रभर चालणारं लोकनाट्य, त्यात संवाद लिहून पाठ केलेले नसतात, कथा ठरलेली आणि बोलणं उभ्या उभ्या सुचलेलं, कलाकार आपला रंग आपणच लावतात, बाईचं सोंगही पुरुषच घेतो. आपल्या विदर्भात दंडार, खडीगंमत ही लोकनाट्यं पाहिलेली असतील किंवा वडसा-गडचिरोलीकडे झाडीपट्टीची नाटकं रात्र रात्र बसून पाहिली असतील तर या माणसाचं जगणं तुला लगेच कळेल, दिवसा काम, रात्री राजा.

बाबुली म्हातारा झालाय, नजर अधू होत चाललीय, पोरगा म्हणतो आता पुरे करा, आणि याला सोंगाशिवाय जगता येत नाही. पुढची गोष्ट सांगत नाही, थिएटरमध्ये हुकला असेल तर आता पाहून घे. मला जे पाहायला सांगायचंय ते हे की लक्षाचं जे मी मघापासून सांगून राहिलो त्याची इथं खरी परीक्षा आहे, कारण या माणसाला नीट दिसतच नाही. आंधळेपण करायचं म्हटलं की नट डोळे एका जागी स्थिर करतो आणि हात पुढे चाचपत चालतो. बाबुलीचं तसं नाही, त्याला थोडं दिसतं आणि जे दिसत नाही ते तो लपवतो, पोराला कळू नये म्हणून. म्हणजे नटाला एकाच वेळी न दिसणं करायचंय आणि दिसतंय असं दाखवणंही करायचंय. मग हाच माणूस रंग लावून उभा राहतो तेव्हा पाठ सरळ होते, आवाज छातीतून येतो, आणि क्षणभर ऐंशी वर्षं कुठे गेली कळत नाही. घरातला बाबुली आणि सोंगातला बाबुली यांत जे अंतर आहे ते प्रभावळकरांनी नुसत्या श्वासावर घेतलंय. घरात वाक्य तुटतं, मध्ये श्वास लागतो. सोंगात तोच श्वास पुरतो. हे ऐंशीव्या वर्षी करायचं म्हणजे शरीराची केवढी तयारी लागत असेल याचा विचार कर, आपल्याकडे पस्तिशीतला नट दुसऱ्या अंकात धापा टाकतो.

क्रम विचारलास म्हणून सांगतो, चौकट राजा, झपाटलेला, मग गांधी आणि रावसाहेब पाठोपाठ, मग नारोबा आणि शेवटी बाबुली. जमलं तर त्यांचं जुनं दूरदर्शनवरचं चिमणराव पाहा, चिं. वि. जोशींचं पात्र, सोबत बाळ कर्वेंचा गुंड्याभाऊ, तिथला तो बारीक घाबरट आवाज आणि तात्या विंचूचा आवाज एकाच गळ्यातून आलेत हे कानांनी ऐकण्यासारखं आहे. शेवरी सगळ्यात शेवटी ठेव. तो नीना कुळकर्णींचा सिनेमा आहे, आणि दुसऱ्याच्या सिनेमात आपण किती जागा घ्यायची हे त्यातून शिकायचं.

आता तुझे आजोबा. तुझं म्हणणं होतं की तू कंबर वाकवतोस, हात थरथरवतोस, केसांना पावडर लावून पाहिली आणि तरी दिग्दर्शक म्हणतो खोटं वाटून राहिलं. बाप्पा, वाटणारच. सकाळी एखाद्या बागेत जा, साडेसहाला, तिथं रिटायर झालेली मंडळी फिरायला येतात. एखादे आजोबा बाकावरून उठताना पाहा. कोणी पाहत असेल तर ते उठायच्या आधीच एक हात गुडघ्यावर असा ठेवतात की जणू सहज ठेवलाय, बोलणं चालूच ठेवतात, आणि बोलण्याच्या ओघात उठून घेतात. थरथरणारा हात ते दाखवत नाहीत, दुसऱ्या हातानं धरतात किंवा खिशात घालतात. म्हणजे म्हातारा माणूस म्हातारपण करत नसतो, ते झाकत असतो. तू उलटं करून राहिलास. बाबुली डोळे लपवतो तसं तुझ्या आजोबांना काय लपवायचंय ते शोध, गुडघा असेल, विसरणं असेल, कानाला कमी येणं असेल. एकच घे. तिन्ही घेशील तर परत सोंग होईल.

आणि संहिता घेऊन बस, पेन्सिल घे, प्रत्येक सीनमध्ये आजोबांचं लक्ष कुठे आहे ते समासात लिही. सून चहा घेऊन येते तेव्हा ते चहाकडे पाहतात, सुनेच्या चेहऱ्याकडे, की दारात नातू दिसतो का तिकडे? तुझ्या नाटकात आजोबा नातवाची वाट पाहून राहिले असं तू लिहिलंस, मग पहिल्या अंकातलं त्यांचं अर्धं लक्ष दाराकडेच पाहिजे, संवाद कोणाशीही चालू असो. हे ठरलं की मान आपोआप वळते, वाक्याच्या मधे थांबणं आपोआप येतं, आणि कंबर किती वाकवायची हा प्रश्न उरत नाही. आवाजाला आत्ता हातच लावू नको, रंगीत तालमीच्या आठवडाभर आधी पाहू. पावडर तर पहिल्या प्रयोगापर्यंत डबीतच राहू दे.